लिखाण सुधारतंय का हे बघायचं असेल तर जुने खर्डे काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोलीचे एक वाचक चार-पाच वर्षं मराठीत कथा लिहितायत. एक-दोन कथा दिवाळी अंकात आल्या, बाकीच्या परत आल्या किंवा उत्तरच आलं नाही. घरचे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे सगळ्याच कथांना छान म्हणतात, आणि त्यांना स्वतःला मात्र अलीकडचं लिखाण आधीपेक्षा वाईट वाटायला लागलंय. तर आपण पुढे जातोय की आहे तिथेच आहोत हे लिहिणाऱ्याने स्वतःच्या स्वतः कसं ओळखायचं?

मी बरीच वर्षं कथा लिहितोय, पुरवणीसाठी आलेल्या कथा वाचून निवडायचं काम केलंय आणि फोंड्याला नव्या लिहिणाऱ्यांबरोबर बसतो, त्यावरून सांगतो. तुमचे जुने खर्डे काढा आणि तुम्ही काय खोडलंय, कशाच्या जागी काय आणलंय ते बघा. छापून आलेल्या कथेत विषय, त्या वर्षीची गरज, संपादकाची आवड, पानांची जागा असं बरंच काही मिसळलेलं असतं, पण तुम्ही रात्री बसून खोडलेली ओळ पूर्ण तुमचीच असते, तिथे दुसऱ्या कोणाचाच हात नसतो. म्हणून वाढ बघायची तर ती तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते, आणि दुर्दैवाने बहुतेक लोक नेमकं तेच पुसून टाकतात कारण एकाच फाइलवर लिहीत जातात आणि सेव्ह करत राहतात. आजपासून एवढं करा की कथा एडिट करायला घेतली की आधी कॉपी करून तारीख टाकून नवीन फाइल करायची, जुनीला हात लावायचा नाही. वहीत लिहीत असाल तर खोडताना एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे.

आता ते वाईट वाटण्याचं बोलतो, कारण प्रश्नात सगळ्यात जास्त त्रास तिथे दिसतो. वाचणारी नजर लिहिणाऱ्या हाताच्या आधी तयार होते. तुम्ही चार वर्षं वाचताय, इतरांच्या कथा तपासून बघताय, त्यामुळे पूर्वी जी ओळ तुम्हाला भारी वाटायची तिच्यातला पोकळपणा आता लगेच कळतो, पण तिच्या जागी काय लिहायचं ते हाताला अजून जमत नाही. त्यामुळे नुसतं वाईट वाटतं यावरून काहीच ठरत नाही, वाईट वाटणाऱ्याची वाढ होतेय असंही नाही आणि थांबलीय असंही नाही. नेमकं काय वाईट आहे हे तुम्हाला सांगता येतं का, हे विचारा. पहिल्या वर्षी माणूस म्हणतो कथा जमली नाही. पुढे म्हणतो शेवट पटत नाही. आणखी पुढे म्हणतो, नवरा घर सोडून जातो तिथे मी निवेदक म्हणून मधे येऊन त्याची बाजू सांगत बसलोय आणि त्यामुळे बायकोचा राग वाचणाऱ्याला खोटा वाटतो. ही तिसरी तक्रार ज्याला स्वतःच्या कथेबद्दल करता येते तो खूप पुढे आलेला आहे, मग ती कथा त्याला दुरुस्त करता येवो की न येवो. दोष बोट ठेवून दाखवता येणं ही मी बघितलेली पहिली खात्रीची खूण आहे.

खर्ड्यात काय बघायचं त्याचं एक उदाहरण देतो, वाक्यं मी बनवलेली आहेत पण असा प्रवास खूप जणांच्या कागदावर बघितलाय. पहिल्या खर्ड्यात असतं, बाहेर धुवांधार पाऊस कोसळत होता आणि सुमनच्या मनातही विचारांचं वादळ घोंघावत होतं. वर्षभराने तोच माणूस ते खोडतो आणि लिहितो, बाहेर पाऊस होता, सुमनला काही सुचत नव्हतं. आणि आणखी पुढे कधीतरी लिहितो, कौलातून ठिबकायला लागलं तसं सुमनने दिलीपचं अंथरूण जरा बाजूला सरकवलं, गुंडाळलं मात्र नाही.

पहिल्या ओळीतला पाऊस उसना आहे, तो शेकडो कथांत असाच पडतो आणि सुमनच्या घराशी त्याचा काही संबंध नाही. तिसऱ्या ओळीत तोच पाऊस घरात शिरतो, सुमनला काहीतरी करायला लावतो, आणि दिलीप घरात नाही, ती त्याची वाट बघतेय, हे सगळं न सांगता कळतं. पण मला मधल्या ओळीबद्दल बोलायचंय. मधली ओळ वाचायला कोरडी आहे, पहिल्यापेक्षा गरीब वाटते, आणि लिहिणाऱ्याला नेमकं इथेच वाटतं की आपली भाषा गेली, आधी कसं भरभरून यायचं आणि आता काही येत नाही. खरं तर त्याने उसनं टाकून दिलंय आणि स्वतःचं अजून सापडायचंय, एवढंच झालंय. ही मधली अवस्था महिनोन्‌महिने चालते, काहींची दोन-दोन वर्षं चालते, आणि खूप चांगले लिहिणारे इथेच सोडून देतात किंवा घाबरून परत वादळ घोंघावण्याकडे जातात कारण त्याला लोक छान म्हणत होते. डिचोलीच्या या वाचकाने जे थोडं वर्णन केलंय त्यावरून मला वाटतं ते इथेच कुठेतरी आहेत, आणि असतील तर कृपा करून मागे जाऊ नका.

दुसरी गोष्ट, बदल कुठल्या थरावर होतायत ते बघा. सुरुवातीला माणूस शब्द बदलतो, सुंदरच्या जागी रमणीय. मग वाक्यं बदलतो, लांब तोडतो, दोन जोडतो. नंतर एक दिवस तो अख्खा परिच्छेद काढून टाकतो आणि कथेला काही होत नाही हे बघून चकित होतो, बहुतेक वेळा तो परिच्छेद पहिलाच असतो. आणि त्याच्याही पुढे गेल्यावर तो प्रश्न विचारतो की ही गोष्ट मी कोणाच्या तोंडून सांगतोय आणि कुठल्या दिवसापासून सुरू करतोय, आणि त्यासाठी तीस पानं बाजूला ठेवून परत पहिल्यापासून लिहायची त्याची तयारी असते.

एका कार्यशाळेतलं आठवतं. खाणपट्ट्यातल्या एका मुलाने खाणबंदीवर कथा आणली होती. तुम्हाला माहितीच आहे, २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालू झाल्या, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजची, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांची, नूतनीकरणं रद्द केली तशा परत बंद झाल्या, डिचोली-सत्तरी-सांगे भागात कर्ज काढून ट्रक घेतलेली किती घरं त्यात अडकली ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. त्याच्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं होतं, तारखांसकट, कोर्टासकट, आणि शेवटी नायक उंच जागेवर उभा राहून सरकारला प्रश्न विचारत होता. लेख म्हणून ते चांगलं होतं. दुसऱ्या खर्ड्यात त्याने भाषण कमी केलं आणि घरातली भांडणं वाढवली. तिसऱ्यात गोष्ट सांगणारा माणूसच बदलला, ट्रकमालकाच्या जागी त्याची दहावीतली मुलगी आली, आणि कथा सुरू झाली ती अंगणात उभ्या असलेल्या टिपरपासून, चाकं मातीत रुतलेली, केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते आणि बाप रोज सकाळी तरीही इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवतो. कोर्टाचं नावसुद्धा कथेत राहिलं नाही. मी त्याला तिन्ही खर्डे शेजारी ठेवून वाचायला सांगितले आणि त्याला स्वतःलाच दिसलं की पहिल्या दोनमध्ये वाक्यं बदललीत आणि तिसऱ्यात नजर बदललीय. असा एक बदल जरी तुमच्या फाइलीत सापडला तरी तो दहा छापील कथांपेक्षा मोठा पुरावा आहे असं मी मानतो.

आता गोव्यात लिहिणाऱ्यांची एक खास गोष्ट, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे खूप घरांत बोलणं कोंकणीत, आणि वाचणं, भजन, पेपर, नाटक मराठीत. त्यामुळे आपल्यातला नवा लेखक पहिल्या कथांत सगळ्यांना पुस्तकी मराठी बोलायला लावतो, रापणीचं जाळं ओढणारा माणूसही सदाशिव पेठेतल्यासारखा बोलतो. पुढे कधीतरी त्याला हे खटकतं आणि मग तो दुसऱ्या टोकाला जातो, प्रत्येक ओळीत दोन कोंकणी शब्द, प्रत्येक पानावर माड, शितकडी आणि शिगमो, म्हणजे वाचणाऱ्याला गोवा दिसला पाहिजे. हीसुद्धा पायरीच आहे, पण तिच्यावरच थांबून राहायची जागा नाही. त्यानंतर जे होतं ते हळूहळू होतं, लेखक शब्द टाकायचं थांबवतो आणि कोण कोणाशी कुठे बोलतंय ते ऐकायला लागतो. तीच बाई शेजारणीला खंय वता गो विचारते, बँकेच्या मॅनेजरशी अडखळत मराठी बोलते, देवळाच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये एकदम छापील मराठी बोलते, आणि नातवाशी बोलताना मधेच इंग्रजी शब्द आणते कारण तो शाळेत तेच बोलतो. ती भाषा कुठे बदलते त्यावरून तिचा अधिकार, तिची भीती, तिची माया सगळं कळतं. निवेदन साध्या मराठीत ठेवून हे बदल संवादात आणता आले की गोव्याबाहेरच्या वाचकालाही सगळं समजतं, अर्थ वेगळा सांगत बसावं लागत नाही.

हे स्वतःचं तपासायला सोपं आहे. जुन्या आणि नव्या कथेतला एक-एक संवाद घ्या, बोलणाऱ्यांची नावं झाकून टाका आणि ज्याने कथा वाचलेली नाही अशा माणसाला वाचून दाखवा, कोण बोलतंय ते त्याला ओळखता येतं का बघा. जुन्यात सगळे एकाच आवाजात बोलत असतील आणि नव्यात दोन माणसं तरी वेगळी ऐकू येत असतील तर तुम्ही पुढे आलाय, यात शंका नको. आणि मोठ्याने वाचाच. आपल्याकडे जत्रेला, काल्याला गावागावात मराठी नाटक होतं, कला अकादमीची नाट्यस्पर्धा इतकी वर्षं चालू आहे, त्यामुळे गावातल्या नाटकात एकदा तरी उभं राहिलेल्या माणसाला वाक्य कुठे पडतं ते कानाने कळतं. आपल्यातल्या कितीतरी चांगल्या कथालेखकांचा कान तिथे तयार झालाय, तो शहाणपणा लिहिताना बाजूला ठेवू नका. पूर्वी वाचताना तुम्ही अडखळत होता तिथे आता लिहितानाच थांबता का, तेही बघा.

शुद्धलेखनाबद्दल थोडक्यात. साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४, असे १८, ते शिकून घ्या, एखाद्या महिन्याचं काम आहे आणि संपादकाचे कष्ट वाचतात. पण ऱ्हस्व-दीर्घ बरोबर यायला लागले याला कोणी लेखक म्हणून वाढ समजू नये, आणि चुकतात म्हणून आपण लेखक नाही असंही समजू नये.

परत आलेल्या कथांचं काय. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची, पण काम अजूनही तसंच चालतं, मजकूर पावसाळ्यातच जमतो, गणपतीच्या आगेमागे पानं लागत असतात, दोन-तीन माणसं ढीगभर कथा वाचतात, आणि चांगली कथासुद्धा त्याच विषयाची दुसरी आधी घेतली म्हणून राहते. खूप ठिकाणी नकार कळवायलाही कोणाला वेळ नसतो. त्यामुळे उत्तर आलं नाही यातून काही अर्थ काढू नका. जे उत्तर येतं त्याचा सूर मात्र जपून ठेवा. आधी नुसतं साभार परत यायचं आणि आता कोणी लिहितं की मधला भाग लांबलाय, आठशे शब्दांत बसवून पाठवा, तर त्या माणसाने कामाच्या गर्दीत तुमच्यासाठी पाच मिनिटं काढलीत, आणि अशी पाच मिनिटं संपादक ज्याच्यात काहीतरी दिसतं त्यालाच देतो, मी स्वतः ते काम केलंय म्हणून खात्रीने सांगतो. आणि बाराशेची कथा आठशेत आणताना तुम्हाला काय करावं लागलं तेही बघा. नवा माणूस इथली-तिथली वाक्यं काढतो आणि कथा ठिगळ लावल्यासारखी होते. तयार झालेला माणूस एक पात्र किंवा एक प्रसंगच काढतो आणि बाकीचं सुखरूप राहतं.

वाचणाऱ्यांच्या बोलण्यातही खूण असते, फक्त छान, अप्रतिम, भिडलं यात नसते. कोणी विचारलं की त्या मुलीने पुढे शाळा सोडली का हो, किंवा कोणी तुमच्याशी वाद घातला की सासऱ्याचं काही चुकलेलं नव्हतं, तर तुमची माणसं त्याच्या घरी जाऊन बसलीत. घरच्यांना आवडलं का विचारू नका, त्यांना ते आवडणारच, तुम्ही आवडता म्हणून. आठवड्याने विचारा की त्यातलं काय आठवतं. त्यांना जे आठवेल ते लिहून ठेवा, आणि तुम्ही ज्या ओळीवर सगळ्यात जास्त खूश होता ती त्यात आहे का ते ताडून बघा.

वाचन बदलतंय का यावर लोक लक्ष देत नाहीत पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था आहे, मराठी पुस्तकं भरपूर आहेत, एखादा शनिवार काढून जा आणि पाच वर्षांपूर्वी तुम्हाला रडवलेली एक कथा परत वाचा. तेव्हा तुम्ही गोष्टीबरोबर वाहत गेला होता, आता मधेच थांबून बघाल की अरे, ही माहिती लेखकाने इतक्या उशिरा का दिली, हा माणूस इथे दारात आणून का सोडला. त्याने आनंद कमी होतो असं काही जण म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे, काम कसं केलंय ते दिसायला लागलं की चांगल्या कथेबद्दलचा आदर वाढतो, आणि जी कथा हे सगळं दिसूनही परत रडवते तिच्याकडून शिकायला कितीतरी मिळतं.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा, हात बसला म्हणजे वाढ झाली असं नाही. एक प्रकार जमतो, समजा म्हाताऱ्या आई-वडिलांची, परदेशी गेलेल्या मुलाची, शेवटी डोळ्यात पाणी आणणारी कथा. ती छापून येते, लोक फोन करतात, मग दुसरी तशीच, तिसरी तशीच, आणि लिहायला वेळही कमी लागायला लागतो, एका बैठकीत होते. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळ्यात यशस्वी काळ वाटेल. पण खर्डे काढून बघा, खोडलेलं जवळजवळ काहीच नसेल. कारण जे येतं तेच परत लिहिलंय. अशा वेळी मी एकच गोष्ट बदलायला सांगतो, सगळ्या कथा आईच्या बाजूने असतील तर एक मुलाच्या बाजूने लिहा, तो चुकीचा आहे असं आधी न ठरवता. ती बहुतेक फसेल, वेळ तिप्पट लागेल, आणि कागद परत खाडाखोडीने भरेल. तसा तो भरायला लागला की समजा तुम्ही परत कामाला लागलात.

हे तपासणं सारखं करू नका, दर आठवड्याला स्वतःला मोजत बसलात तर लिहिणं बंद पडेल. वर्षातून एकदा पुरे. मी पावसाळ्यात करतो कारण तेव्हा बाहेरची कामं कमी असतात, तुम्हाला मे महिन्याची सुट्टी सोयीची असेल तर तेव्हा करा. त्यासाठी तुमच्या परत आलेल्या कथांतली सगळ्यात जुनी एक घ्या, फाइल बंद ठेवून फक्त आठवणीतून ती परत लिहून काढा, झाल्यावर जुनीच्या शेजारी ठेवा. काय गळालं आणि काय नवीन आलं ते पेन्सिलीने खुणा करून बघा. फक्त शब्दच बदललेले दिसले तर ती कथा सध्या बाजूला ठेवून नवीन घ्या, तिच्यात आत्ता तुमच्यासाठी काही शिल्लक नाही. पण सांगणारा बदलला असेल, सुरुवातीची दोन पानं आपोआप गेली असतील, किंवा एखादं पात्र जे आधी नुसतं चहा आणून द्यायचं ते आता काहीतरी बोलायला लागलं असेल, तर ती कथा या पावसाळ्यात पूर्ण करा आणि ज्यांनी परत केली होती त्यांनाच परत पाठवा, सोबत दोन ओळी लिहा की आधी पाठवली होती, आता नव्याने लिहिलीय. संपादकांना याचा राग येत नाही, मला तरी कधी आला नाही.